सर्वांचें अरण्य, सर्वांचा मुक्काम

वनभोजन ही गोष्ट आपल्याकडील कुटुंबांस नवी नाहीं. कार्तिक महिन्यांत आवळीच्या झाडाखालीं पानें मांडून जेवण्याची रूढि पूर्वीं घरोघर होती व अद्याप कित्येक ठिकाणीं आहे. त्या दिवसापुरतें सारें घर उंबरठ्याबाहेर पडे. सोंवळ्याओंवळ्याचे निर्बंध थोडे सैल होत. ज्या सुनांस एरव्हीं माजघराबाहेरचें जग क्वचितच दिसे, त्यांच्याहि वांट्यास मोकळी हवा येई. आणि मुलांना तर वर्षभर पुरेल एवढा आनंद होई. पण ज्या झाडाखालीं आपण जेवलों तें झाड कोणाचें, पिण्याचें पाणी कोणीं आणावयाचें, उष्ट्या पत्रावळी कोणीं उचलावयाच्या, आणि चूल पुरती विझली कीं नाहीं हें कोणीं पाहावयाचें, हे प्रश्न आपण फारसे विचारले नाहींत. एका झाडाखालीं एक कुटुंब बसतें तोंपर्यंत ते विचारण्याचें कारणहि पडत नाहीं. तेथेंच सालांत हजारों कुटुंबें येऊन बसूं लागलीं म्हणजे मात्र ते टाळतां येत नाहींत.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हे प्रश्न शंभर वर्षांपूर्वींच उभे राहिले. त्यांचीं उत्तरें तेथील वनखात्यानें कशीं शोधलीं, कोठें तीं बरोबर निघालीं व कोठें चुकलीं, ही हकीकत मोठी बोधप्रद आहे. शिवाय हा विषय आतां आपल्यापासून दूरहि राहिलेला नाहीं. मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झाली आहे अशीं घरें आपल्यांत पुष्कळ आहेत. उन्हाळ्यांत तिकडे गेलेल्या आईवडिलांस "चला, दोन दिवस रानांत तंबू ठोकून राहूं," असें निमंत्रण आलें म्हणजे तें काय प्रकरण आहे, याची आगाऊ माहिती असलेली बरी.

अरण्य कोणाचें?

प्रथम एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. 'राष्ट्रीय उद्यान' आणि 'राष्ट्रीय अरण्य' हीं तिकडे दोन निराळीं प्रकरणें आहेत. यलोस्टोनचें पहिलें राष्ट्रीय उद्यान १८७२ सालीं निर्माण झालें. निसर्ग आहे तसा राखावा व लोकांस तो पाहतां यावा, हा उद्यानाचा हेतु. राष्ट्रीय अरण्याचा हेतु मूळचा संसारी आहे. १८९१ सालच्या कायद्यानें सरकारी जमिनींपैकीं जंगलें राखून ठेवण्याचा अधिकार अध्यक्षांस मिळाला, आणि त्याच वर्षीं अध्यक्ष हॅरिसन यांनीं यलोस्टोनलगतचें पहिलें राखीव रान जाहीर केलें. १८९७ च्या कायद्यानें या रानांचें प्रयोजन सांगितलें तें असें, कीं जंगल सुरक्षित राहावें, नद्यांचा प्रवाह नीट चालावा, व देशास लांकडाचा पुरवठा अखंड व्हावा. त्यांत सहलीचें वा विश्रांतीचें नांवहि नाहीं.

१९०५ सालीं हीं रानें शेतकी खात्याच्या ताब्यांत आलीं व गिफर्ड पिंचॉट हे नव्या वनखात्याचे पहिले मुख्य झाले. राखीव म्हणजे कुलूपबंद, असा लोकांचा समज होत असे; तो घालविण्यासाठीं १९०७ सालीं त्यांस 'राष्ट्रीय अरण्यें' हें नांव देण्यांत आलें. आज अशीं १५४ अरण्यें व २० राष्ट्रीय गवताळ प्रदेश मिळून सुमारें १९ कोटि ३० लक्ष एकर जमीन या एका खात्याकडे आहे. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या अडीचपट.

या पिंचॉट साहेबांचा आपल्या देशाशीं एक दूरचा संबंध आहे. वनशास्त्र शिकण्याकरितां १८८९ सालीं ते युरोपांत गेले, तेव्हां त्यांना वडीलकीच्या नात्यानें मार्गदर्शन करणारे गृहस्थ होते सर डीट्रिच ब्रँडिस. हेच ब्रँडिस १८६४ सालीं हिंदुस्थानचे पहिले मुख्य वनाधिकारी झाले होते. एकाच गुरूच्या शास्त्राला दोन देशांत निराळीं फळें आलीं. आपल्याकडे १८७८ च्या कायद्यानें रानाभोंवतीं सरकारी कुंपण पडलें. गवत व लांकूडफाटा यांसाठीं खेडुतांस खात्याच्या मेहेरबानीवर राहावें लागलें, आणि १९३० सालीं चिरनेर, बिळाशी, संगमनेर इत्यादि ठिकाणीं जंगल सत्याग्रह करण्याची पाळी आली. अमेरिकेंत अरण्याचा मालक मत देणारा नागरिकच होता, म्हणून त्यास रानांत येऊं नको असें सांगणें खात्यास शक्य नव्हतें. कुरणें व इमारती लांकूड यांचा विचार करणाऱ्या वनरक्षकांपुढें एके दिवशीं बायकामुलांसह मालकच राहुटी घेऊन उभा राहिला!

पहिला तळ

त्याला तेथवर आणलें मोटारीनें. मोटार स्वस्त झाली, रस्ते झाले, आणि रविवारीं शहर सोडून झऱ्याकांठीं मुक्काम करण्याची आवड मध्यम स्थितीच्या कुटुंबांत पसरली. लोक वाटेल तेथें चूल पेटवीत, वाटेल तेथें घाण करीत, आणि त्याच झऱ्याचें पाणी खालच्या अंगास शहरें पीत. वनखात्यानें या प्रकाराकडे पाहिलें तें प्रथम करमणुकीच्या दृष्टीनें नव्हे, तर आग व रोगराई यांच्या भीतीनें. माणसें येणारच असतील तर तीं एका ठरलेल्या जागीं उतरावीं, एवढाच मूळ विचार.

ऑरेगन संस्थानांत कोलंबिया नदीच्या प्रचंड खोऱ्यांतून नवा रस्ता काढण्यांत आला, तेव्हां १९१५ च्या अखेरीस तेथील सुमारें १४ हजार एकर रान खात्यानें केवळ लोकांच्या विश्रांतीसाठीं वेगळें काढलें, आणि १९१६ सालीं ईगल क्रीक नांवाच्या ओढ्याकांठीं मेजें, चुली, संडास अशी सोय करून तळ उघडला. इंग्रजींत ज्यास 'कँपग्राउंड' म्हणतात, त्याचा वनखात्यानें रीतसर बांधलेला हा पहिला नमुना होय.

१९१९ सालीं खात्यानें आर्थर कारहार्ट या तरुण रचनाकारास नेमिलें. त्याची प्रसिद्धि मात्र त्यानें जें बांधलें नाहीं त्याबद्दल अधिक आहे. कोलोरॅडोंतील ट्रॅपर्स लेक या सरोवराभोंवतीं बंगल्यांसाठीं जागा आंखण्यास त्याला पाठविलें होतें. त्यानें परत येऊन सांगितलें कीं, या कांठावर एकहि बंगला होऊं नये. कांठ सर्वांचा आहे, तो मूठभरांस वांटून देऊं नये. एका नवख्या नोकराचा हा सल्ला वरिष्ठांनीं मानला, हें विशेष. पुढें न्यू मेक्सिकोंत आल्डो लिओपोल्ड यांच्या आग्रहानें १९२४ सालीं गीला नांवाचें अरण्य रस्त्यांविना राखण्याचें ठरलें, आणि १९६४ च्या कायद्यानें अशा ९१ लक्ष एकर निर्जन अरण्यास देशाच्या कायद्याचें संरक्षण लाभलें.

झाडांचा वैद्य

तळांची संख्या वाढली तशी एक चमत्कारिक गोष्ट दिसूं लागली. ज्या सुंदर वृक्षांच्या छायेसाठीं लोक येत, तेच वृक्ष कांहीं वर्षांनीं सुकूं लागत. कुऱ्हाड लागलेली नसे, कीड दिसत नसे. याचें कारण शोधलें तें ई. पी. माइनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञानें. कॅलिफोर्नियांतील गगनभेदी रेडवुड वृक्षांच्या राईंचें निरीक्षण करून त्यानें दाखविलें कीं, माणसांच्या पायांनीं व मोटारींच्या चाकांनीं माती दाबली जाते. दाबलेल्या मातींत हवा खेळत नाहीं, पाणी मुरत नाहीं. आणि झाडाला पोसणारीं बारीक मुळें तर जमिनीच्या वरच्या थरांतच असतात. तीं गुदमरतात व झाड हळूहळू मरतें. मग लोक पुढच्या हिरव्या जागीं सरकतात आणि तेथेंहि तीच गत होते. म्हणजे झाडांवर प्रेम करणारेच नकळत त्यांचे मारेकरी ठरत होते.

माइनेके यानें १९३२ सालीं सुचविलेला उपाय अगदीं गृहिणीच्या शहाणपणाचा आहे. स्वैंपाकघरांत जशी प्रत्येक वस्तूस ठरलेली जागा असते, तशी तळावरहि असावी. रस्ता एकेरी व वळणाचा असावा, म्हणजे गाडी आली तशी पुढें निघून जाईल. प्रत्येक कुटुंबासाठीं त्या रस्त्यास एक छोटासा फांटा असावा, त्यांत गाडी शिरली कीं पुढें मोठा दगड किंवा ओंडका आडवा यावा. मेज व चूल जमिनींत पक्कीं रोवलेलीं असावींत. आणि दोन कुटुंबांच्या मध्यें झुडुपांचा पडदा राखावा. माणूस स्वभावतः मेजाभोंवतीं वावरतो. मेज हललें नाहीं कीं पावलें हलत नाहींत, आणि भोंवतालची जमीन मोकळी राहते. आज अमेरिकेंतील जवळजवळ कोणत्याहि सरकारी तळावर गेलें तरी हीच रचना दिसते.

ही रचना देशभर उभी राहिली ती मंदीच्या कठीण काळांत. अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं १९३३ सालीं बेकार तरुणांचें एक दल उभारलें. तें १९४२ पर्यंत चाललें व सुमारें ३० लक्ष तरुण त्यांत काम करून गेले. महिना ३० डॉलर वेतन, आणि त्यांतील बहुधा २५ डॉलर थेट घरीं आईबापांस पाठविले जात. या मुलांनीं झाडें लावलीं, पायवाटा काढल्या, आणि दगड व ओंडके वापरून तळांवरील निवारे बांधले. त्यांतील कित्येक आजहि वापरांत आहेत. दारिद्र्याच्या दिवसांत राष्ट्रानें तरुणांच्या हातांस दिलेलें काम नातवंडांच्या विश्रांतीस उपयोगी पडलें, हा योग थोडका नव्हे.

मुक्कामास जाणाऱ्यांस सूचना

आतां व्यवहाराच्या गोष्टी. लोकप्रिय तळांवरील जागा बहुधा सहा महिने आगाऊ राखून ठेवतां येतात. इतर ठिकाणीं जो प्रथम येईल त्याला जागा मिळते. एका जागीं राहण्याची मर्यादा सामान्यतः चौदा दिवसांची असते. तेथें बासष्ट वर्षांवरील नागरिकांना व कायम रहिवाशांना एक परवाना मिळतो, त्यावर पुष्कळ तळांचें भाडें निम्मे पडतें; पाहुण्या म्हणून गेलेल्या आजीआजोबांस मात्र तो मिळत नाहीं. ठरीव तळ सोडून रानांत दूर मुक्काम करण्यासहि पुष्कळ अरण्यांत मुभा आहे, व त्यास भाडें पडत नाहीं. पण तेथें पाणी नाहीं, संडास नाहीं, आणि केर आपणच परत न्यावयाचा.

पुष्कळ तळांवर एक 'यजमान' जोडपें असतें. बहुधा हे सेवानिवृत्त पतिपत्नी असतात. आपल्या चाकांवरच्या घरांत सबंध हंगाम तेथेंच राहून येणाऱ्यांस माहिती देतात व शिस्त राखतात. वानप्रस्थाश्रमाचें हें अमेरिकन रूप पाहून आपल्याकडील वडील मंडळींस कौतुक वाटेल.

पुष्कळ वाचकभगिनींस पहिली शंका येते ती संडासाची. ती रास्त आहे; पण या बाबतींत खात्याच्या इंजिनियरांनीं पुरी बुद्धि खर्चिली आहे. बंद टांकीवर बांधलेल्या या खोलींतून एक उंच, काळ्या रंगाची नळी छपरावर नेलेली असते. सूर्यानें ती तापते, तिच्यांतील हवा हलकी होऊन वर जाते. वरून वाहणारा वाराहि तिला ओढतो. त्यामुळें खोलींतील हवा सतत खालीं टांकींत व तेथून नळीनें बाहेर जाते आणि दुर्गंधि आंत राहत नाहीं. झांकण मात्र प्रत्येकानें पाडावें.

दुसरी गोष्ट अन्नाची. अस्वलांच्या प्रदेशांत खाण्याचा कोणताहि पदार्थ तंबूंत ठेवूं नये; तळावर लोखंडी पेट्या असतात, त्यांत किंवा बंद मोटारींत ठेवावा. लोणच्याची बरणी व साजूक तुपाचा डबा यांच्याबरोबर साबण व दंतमंजनहि तेथेंच जावें, कारण अस्वलाचें नाक आपल्यासारखा भेद करीत नाहीं. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलें अस्वल धीट होतें, आणि शेवटीं बहुधा त्यालाच प्राणांस मुकावें लागतें. ओढ्याचें पाणी कितीहि निर्मळ दिसलें तरी उकळल्यावांचून पिऊं नये.

तिसरी गोष्ट सरपणाची. घरचें सरपण दूर नेऊं नये. मुक्कामाच्या जवळपासच विकत घ्यावें. लांकडाच्या सालींत किडे दडलेले असतात. आशियांतून आलेला एक हिरवा भुंगेरा २००२ सालीं मिशिगन संस्थानांत आढळला, आणि त्यानें तेव्हांपासून ॲश जातीचे कोट्यवधि वृक्ष मारले. त्याच्या दूरच्या प्रवासास सरपण वाहून नेणाऱ्या हौशी प्रवाशांचा मोठाच हातभार लागला.

एका ठिणगीची किंमत

चूल विझविण्याची खात्याची रीत मुलांनाहि पाठ करावयास लावतात. पाणी ओतावें, काठीनें ढवळावें, पुन्हां पाणी ओतावें, आणि हाताची पाठ जवळ नेऊन पाहावें. ऊब लागली तर चूल विझलेली नाहीं. १९४४ पासून टोपी घातलेल्या स्मोकी नांवाच्या अस्वलाचें चित्र दाखवून हा उपदेश चालला आहे. १९५० सालीं न्यू मेक्सिकोंतील वणव्यांत होरपळलेलें एक अस्वलाचें पिलूं सांपडलें, त्यासहि हेंच नांव मिळालें, आणि तें वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयांत १९७६ पर्यंत जगलें.

इतकें शिक्षण असतांहि काय घडतें पाहा. ज्या ईगल क्रीकच्या कांठीं १९१६ सालीं पहिला तळ उघडला, त्याच ओढ्याच्या दरींत २ सप्टेंबर २०१७ रोजीं एका पंधरा वर्षांच्या मुलानें गंमत म्हणून धुराचा फटाका टाकला. उन्हाळ्यानें वाळलेलें रान पेटलें. सुमारें दीडशें प्रवासी आगीपलीकडे अडकले व त्यांना रात्र रानांतच काढावी लागली. ठिणग्या रुंद कोलंबिया नदी ओलांडून पलीकडच्या संस्थानांत गेल्या. सुमारें ४८ हजार एकर अरण्य आगीच्या तडाख्यांत सांपडलें. दैवयोगानें प्राणहानि झाली नाहीं. पण ईगल क्रीकची वाट पुन्हां उघडण्यास २०२१ साल उजाडलें. न्यायालयानें त्या मुलास १,९२० तास वनखात्याची सेवा करण्यास सांगितलें व ३ कोटि ६० लक्ष डॉलरांहून अधिक भरपाई ठरविली. एवढी रक्कम तो जन्मांत फेडूं शकणार नाहीं, हें न्यायाधीशांसहि ठाऊक होतें. दहा वर्षें नीट वागल्यास बाकीची माफ होण्याची तरतूद त्यांनीं ठेवली. त्या मुलानें न्यायालयांत लोकांची क्षमा मागितली. आपल्या घरांतील मुलांस हा प्रसंग अवश्य सांगावा. भीति घालण्यासाठीं नव्हे, तर सार्वजनिक वस्तूची किंमत काय असते हें त्यांना कळावें म्हणून.

'सर्वांचें' म्हणजे कोणाचें?

येथें या गोष्टीची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. सर्वांसाठीं म्हणून जें अरण्य खुलें झालें, तें पूर्वीं ओसाड नव्हतें. तेथील मूळचे लोक त्यांत पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते. न्यू मेक्सिकोंतील ताओस पुएब्लोच्या लोकांचें 'ब्लू लेक' हें पवित्र सरोवर १९०६ सालीं सरकारनें त्यांना न विचारतां राष्ट्रीय अरण्यांत सामील केलें, आणि त्या देवस्थानांत बाहेरच्या प्रवाशांस वाट मोकळी झाली. कल्पना करावी, कीं आपल्या कुलदैवताच्या गाभाऱ्यांत लोक सहलीस येऊन चुली पेटवीत आहेत! त्या लोकांनीं पैशाची भरपाई नाकारली व सरोवरच परत मागितलें. चौसष्ट वर्षांच्या झगड्यानंतर, १५ डिसेंबर १९७० रोजीं, अध्यक्ष निक्सन यांनीं सही केली व सरोवरासह ४८ हजार एकर रान त्यांना परत मिळालें. सर्वांच्या हक्काची भाषा बोलतांना आधीं कोणाचा हक्क बुडाला, हें विचारावें लागतें.

उलट, सर्वांचें म्हणून राखलेलें टिकवावेंहि लागतें. २०२५ च्या जून महिन्यांत अमेरिकेच्या सिनेटमध्यें पश्चिमेकडील अकरा संस्थानांतील वीस ते तीस लक्ष एकर सरकारी जमीन विकण्याची सूचना पुढें आली. तींत राष्ट्रीय अरण्यांचीहि जमीन होती. तिला विरोध झाला तो केवळ निसर्गप्रेमी मंडळींकडून नव्हे; शिकारी, मासे पकडणारे, सनातनी व सुधारक अशा दोन्ही पक्षांच्या लोकांनीं ओरड केली, आणि महिना संपण्यापूर्वींच ती सूचना मागें घेण्यांत आली. या लोकांस जमिनीचे आंकडे पाठ होते असें नाहीं. लहानपणीं आईबापांबरोबर ज्या ओढ्याकांठीं त्यांनीं दोन रात्री काढल्या, तो ओढा विकला जाईल हें त्यांना सहन झालें नाहीं.

तळाचा खरा उपयोग हा आहे. ज्या रानांत आपण कधीं निजलों नाहीं तें कोणीं तोडलें तर आपणांस पत्ताहि लागत नाहीं. ज्या झाडाखालीं आपल्या मुलांनीं पहिल्यानें आकाशगंगा पाहिली त्याच्यासाठीं मनुष्य भांडावयास उभा राहतो. आपल्या मुलांनीं हें सुख घ्यावें, मग तें कॅस्केड पर्वतांत असो कीं सह्याद्रीच्या एखाद्या गडाखालीं असो. मात्र निघतांना चुलीच्या राखेवरून हाताची पाठ एकदां फिरवून पाहावी, आणि पत्रावळी मोजून परत आणाव्या.